वाढ नेमकी थांबते कशी?

मनुष्याचा उजवा हात आणि डावा हात हे दोन स्वतंत्र अवयव आहेत. गर्भावस्थेत त्यांचे अंकुर फुटतात तेव्हापासून पुढे सोळा-सतरा वर्षे ते आपापल्या जागी वाढत राहतात. शिंप्याप्रमाणे टेप घेऊन त्यांची मापे कोणी जुळवीत नाही. तरीही वाढ पूर्ण होते तेव्हा दोन्ही हात जवळजवळ सारख्याच लांबीचे भरतात. हृदय छातीत मावेल एवढेच होते. यकृत शरीराच्या मानाने जेवढे असावे तेवढेच होते. एका पेशीपासून सुरू झालेले हे शरीर तीस लाख कोटींहून अधिक पेशींचे होते आणि मग एका ठरावीक मापाला येऊन थांबते. रोजच्या परिचयामुळे या गोष्टीचे कोणाला आश्चर्य वाटत नाही. वस्तुतः जीवशास्त्रातील अत्यंत बिकट प्रश्नांपैकी हा एक प्रश्न आहे.

मूल वाढते कसे, हा प्रश्न आईबापांपासून वैद्यांपर्यंत सर्वांना पडतो. वाढ थांबते कशी, हा प्रश्न मात्र फारसा कोणास पडत नाही. वाढणे ही क्रिया आणि थांबणे हा केवळ त्या क्रियेचा अभाव, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत चुकीची आहे, असे गेल्या तीन दशकांतील संशोधनाने दाखवून दिले. थांबणे ही देखील एक क्रियाच आहे. तिच्यासाठी पेशींमध्ये स्वतंत्र यंत्रणा आहे, ती चालविणारी जनुके आहेत, आणि ती यंत्रणा बिघडली की जे घडते त्यालाच पुष्कळदा कर्करोग असे नाव मिळते. या यंत्रणेचा शोध लागला तो एखाद्या भव्य रुग्णालयात नव्हे, तर पिकलेल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या चिलटाच्या पंखात आणि डोळ्यात. त्या शोधात ज्यांचा वाटा मोठा आहे, अशा संशोधकांत मूळचे चीनचे व अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. दुओजिया पान यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

जुने कोडे

प्रश्न नवा नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठात रॉस हॅरिसन यांनी १९२० च्या दशकात, व त्यांच्या मागोमाग ट्विटी आणि श्विंड यांनी १९३१ मध्ये, सॅलॅमँडर नावाच्या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्यावर काही प्रयोग केले. या प्राण्याची एक जात आकाराने मोठी, तर दुसरी लहान. मोठ्या जातीच्या पिलाच्या पायाचा अंकुर काढून तो लहान जातीच्या पिलाच्या अंगावर बसविण्यात आला. दोघांनाही भरपूर खाऊ घातले. परक्या शरीरावर वाढणारा तो पाय यजमानाच्या मापाचा न होता आपल्या मूळ जातीच्या मापाचा झाला. म्हणजे आपण किती वाढावयाचे याची नोंद पायाने जणू आपल्याबरोबरच आणली होती.

पुढे ऑस्ट्रेलियातील डोनाल्ड मेटकाफ यांनी १९६० च्या दशकात उंदरांवर प्रयोग केले, तेव्हा कोडे आणखीच गुंतागुंतीचे झाले. एकाच उंदराच्या शरीरात थायमस ग्रंथीचे अनेक तुकडे बसविले तर प्रत्येक तुकडा वाढून पूर्ण ग्रंथीएवढा होई. प्लीहेचे अनेक तुकडे बसविले तर मात्र सर्व तुकड्यांचे मिळून वजन एका प्लीहेएवढेच भरे. काही अवयव आपले माप स्वतःच ठरवितात, तर काही साऱ्या शरीराचा हिशेब पाहून थांबतात, असा याचा अर्थ. यकृताची गोष्ट तर सर्वांत नवलाची. उंदराच्या यकृताचा दोनतृतीयांश भाग कापून काढला तरी उरलेला भाग एक-दोन आठवड्यांत वाढून पूर्वीच्या वजनाच्या आसपास येतो आणि तेथेच थांबतो. कापल्याची बातमी त्याला कशी लागते आणि पुरेसे वाढल्याची खूण कोणती, हे कोणालाच सांगता येत नव्हते. प्रयोग डोळ्यांना दिसत होते. त्यांमागील यंत्रणा दिसत नव्हती. ती पाहावयाची तर जनुकांपर्यंत पोहोचणे आवश्यक होते, आणि त्यासाठी वेगळा प्राणी हवा होता.

आमराईतील माशी नव्हे

तो प्राणी म्हणजे ड्रोसोफिला. मराठीत तिला फळमाशी म्हणण्याचा प्रघात पडला आहे. पण त्यामुळे एक घोटाळा होतो. कोकणातील आंबा बागायतदार जिच्या नावाने कपाळाला हात लावतो ती फळमाशी निराळ्या कुळातील. ती चांगल्या फळाच्या सालीखाली अंडी घालून फळ नासविते. ड्रोसोफिला ही त्या मानाने निरुपद्रवी. जेमतेम तीन मिलिमीटर लांबीची, लालसर डोळ्यांची ही माशी जादा पिकलेल्या, आंबू लागलेल्या फळांवर जमते. घरोघरी तिला चिलट म्हणूनच ओळखतात.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर आढळला, आणि तेथून या चिलटाचे शास्त्रीय जीवन सुरू झाले. जनुके गुणसूत्रांवर असतात हे तिनेच सिद्ध करून दिले; मॉर्गन यांना १९३३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. क्ष-किरणांनी जनुके बदलतात हे हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये तिच्यावरच दाखविले. गर्भाची घडण ठरविणाऱ्या जनुकांच्या शोधाबद्दल १९९५ चे नोबेल एडवर्ड लुइस, क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस या तिघांना मिळाले, तेही या माशीच्याच पुण्याईने. बाटलीत मक्याचे पीठ, साखर आणि यीस्ट यांचे खाद्य घालून ठेवले की खोलीच्या तपमानात दहा-बारा दिवसांत अंड्यापासून पूर्ण माशी तयार होते. वर्षाला पंचवीस-तीस पिढ्या पाहावयास मिळतात, आणि खर्च म्हणाल तर एखाद्या शाळेलाही झेपेल एवढा.

वाढीच्या प्रश्नासाठी तर ही माशी जणू मुद्दाम घडविली आहे. तिची अळी म्हणजे खाणारे एक पोते. पंख, पाय, डोळे यांपैकी काहीही तिला नसते. मात्र तिच्या पोटात पेशींच्या लहान लहान चपट्या चकत्या दडलेल्या असतात. एका जोडीतून पुढे पंख होतात, दुसरीतून डोळे, इतर जोड्यांतून पाय. अळी बाहेर पडते तेव्हा पंखाच्या चकतीत सुमारे पन्नास पेशी असतात. अवघ्या चार दिवसांत त्यांच्या सुमारे पन्नास हजार होतात आणि मग विभाजन थांबते. पन्नासाचे पन्नास हजार म्हणजे हजार पट, म्हणजेच साधारण दहा वेळा दुप्पट होणे. दुपटीची एकच फेरी अधिक झाली तर पंख दुप्पट क्षेत्रफळाचा होईल. एक फेरी कमी पडली तर निम्मा राहील. प्रत्यक्षात माशीचे दोन्ही पंख इतके सारखे असतात की फरक शोधावयास सूक्ष्मदर्शक लागतो.

ही चकती अळीतून काढून प्रौढ मादीच्या पोटात बसविली तर काय होईल? कॅलिफोर्नियात पीटर ब्रायंट व लेव्हिन्सन यांनी १९८५ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. परक्या जागी, वेळेचे बंधन नसतानाही, कोवळी चकती वाढली आणि साधारण नेहमीच्याच मापाला येऊन थांबली. सॅलॅमँडरच्या पायाने जे सांगितले होते तेच चकतीने सांगितले. फरक एवढाच की या वेळी तिच्या जनुकांना जाब विचारणे शक्य होते.

भूक आणि माप

वाढीचे संकेत दोन प्रकारचे असतात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पहिला संकेत अन्नाचा. अळीला अर्धपोटी ठेवले तर तिच्यातून निघणारी माशी लहान होते. पण ती प्रमाणबद्ध लहान होते. पंख लहान, डोळे लहान, सारेच लहान. हा निरोप शरीरभर पोहोचविण्याचे काम इन्शुलिनसारखी द्रव्ये करतात. झुरिच येथील एर्न्स्ट हाफेन यांच्या गटाने १९९९ मध्ये या मार्गावरील एक जनुक बिघडलेली माशी वर्णिली. भोवती अन्न मुबलक असूनही ती निम्म्याहून कमी वजनाची भरली. तिच्या पेशीही लहान आणि संख्येनेही कमी. स्पॅनिश भाषेत लहानग्याला म्हणतात तसे ‘चिको’ हे नाव त्या जनुकाला देण्यात आले.

डॉ. पान यांचे आरंभीचे एक महत्त्वाचे काम याच मार्गावरील आहे. पेकिंग विद्यापीठाची पदवी, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट आणि बर्कले येथे जेराल्ड रुबिन यांच्या प्रयोगशाळेतील उमेदवारी संपवून ते टेक्ससमधील डलास येथे स्वतंत्र संशोधक झाले. मेंदू, मूत्रपिंड, त्वचा अशा अनेक ठिकाणी गाठी निर्माण करणारा एक आनुवंशिक विकार वैद्यकाला ठाऊक होता. त्या विकाराशी निगडित दोन जनुके माशीतही आहेत आणि ती पेशींच्या वाढीला आवर घालतात, असे २००१ मध्ये डॉ. पान यांच्यासह तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखविले. हा आवर ‘टॉर’ नावाच्या प्रथिनावर चालतो, हेही पुढे उलगडले. टॉरला अडविणारे एव्हरोलिमस हे औषध २०१० मध्ये या विकारातील मेंदूच्या एका प्रकारच्या गाठींसाठी अमेरिकेत मान्य झाले. माशीतील आणि माणसातील यंत्रणेचे साम्य किती जवळचे आहे, याची ही एक खूण होती.

तथापि अन्नाचा संकेत सर्व अवयवांना सारखाच लागू पडतो. पंखाने पंखाएवढे आणि डोळ्याने डोळ्याएवढे व्हावे, हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी अवयवाच्या आतील, दुसऱ्या प्रकारचा संकेत शोधणे भाग होते.

चामखिळीपासून पाणघोड्यापर्यंत

येथे अडचण अशी होती की वाढीला लगाम घालणारे जनुक दोन्ही प्रतींत बिघडविले, तर अळी बहुधा मरूनच जाते. मग पंखाचे काय होते ते पाहावयाचे कोठे? या अडचणीवरचा उपाय यीस्टच्या एका विकराने दिला. त्याच्या साहाय्याने माशीच्या डोळ्यात वा पंखात पेशींचा एखादाच लहान पट्टा असा घडविता येतो, की ज्यात जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत, आणि बाकी सारी माशी धडधाकट आहे. एवढेच नव्हे, तर त्या पट्ट्याशेजारीच, त्याच विभाजनातून जन्मलेला, दोन्ही प्रती शाबूत असलेला जुळा पट्टाही असतो. एकाच वाफ्यात एकाच दिवशी दोन वाणांची बी पेरावी आणि कोणते जोमाने वाढते ते पाहावे, तसा हा प्रकार. तियान शू आणि जेराल्ड रुबिन यांनी १९९३ मध्ये ही पद्धत सुलभ करून दिली.

या पद्धतीने पहिले फळ १९९५ मध्ये दिले. एक जनुक बिघडले असता पेशींचा पट्टा भरमसाट वाढून माशीच्या अंगावर गाठोडी येत. दोन गटांनी ते स्वतंत्रपणे शोधले. त्यांतील एकाने त्याला चामखीळ या अर्थाचे ‘वॉर्ट्स’ हे नाव दिले. सात वर्षे ते एकटेच राहिले. २००२ मध्ये त्याचा जोडीदार सापडला. सिडनीत वैद्यकाची पदवी घेतलेले डॉ. ईश्वर हरिहरन यांच्या गटाने त्याला ‘साल्व्हाडोर’ म्हटले; जॉर्ज हाल्डर यांच्या गटाने सुरकुतलेल्या कातडीच्या चिनी कुत्र्यावरून ‘शार-पेई’ म्हटले.

मग २००३ साल उगवले आणि पाच प्रयोगशाळांनी एकाच वर्षात एकच जनुक पुढे आणले. डॉ. पान यांची प्रयोगशाळा या पाचांतील एक होती. हे जनुक बिघडलेल्या पेशींनी बनलेले माशीचे डोके मोठे, जाड आणि घड्या पडलेले दिसे, पाणघोड्याच्या कातडीची आठवण व्हावी असे. त्यावरून त्याचे नाव ‘हिप्पो’ पडले आणि पुढे संपूर्ण यंत्रणेलाच हिप्पो मार्ग हे नाव चिकटले. माशीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या नामकरणातील हा मिश्किलपणा जुना आहे. त्यावरून संशोधन थिल्लर समजणे मात्र योग्य नव्हे.

हिप्पो नसलेल्या पेशींचे दोन दोष दिसून आले. ज्या वेळी विभाजन थांबले पाहिजे त्या वेळीही त्या विभागत राहतात. आणि ज्या वेळी मरावयास हवे त्या वेळी मरत नाहीत. निरोगी माशीच्या डोळ्याची घडण पूर्ण होत आली की त्यातील जादा पेशी आपण होऊन नाहीशा होतात, बांधकाम संपल्यावर परांची उतरावी तशा. हिप्पो बिघडलेल्या डोळ्यात ही परांची उभीच राहते. अवयवाचे माप हे जन्म आणि मृत्यू या दोहोंच्या मेळातून ठरते आणि त्या दोहोंवर एकाच यंत्रणेचा हात आहे, ही गोष्ट येथे प्रथमच इतकी स्पष्ट झाली.

साखळीचे शेवटचे टोक

हिप्पो, साल्व्हाडोर व वॉर्ट्स ही एका साखळीतील कडी आहेत हे ठरले. हिप्पो हे एक विकर. ते वॉर्ट्सवर फॉस्फेटचा लहानसा अंश चिकटवून त्याला जागे करते. पण वॉर्ट्स जागे होऊन करते काय? साखळीचे शेवटचे टोक पेशीकेंद्रात, प्रत्यक्ष जनुकांपाशी कोठे तरी पोहोचलेच पाहिजे. ते हाती येत नव्हते. मधल्या काळात डॉ. पान बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले होते. तेथे त्यांनी वॉर्ट्सचा आमिषासारखा उपयोग करून त्याला बिलगणारी प्रथिने यीस्टच्या साहाय्याने गळाला लावली. त्यांतून हवे ते प्रथिन मिळाले. २००५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. हे प्रथिन नसेल तर अवयव खुजे राहतात, म्हणून यॉर्कशायर टेरियर या चिमुकल्या कुत्र्यावरून त्याचे नाव ‘यॉर्की’ ठेवण्यात आले.

आता चित्र पूर्ण झाले. यॉर्की हा वाढीचा हुकूम देणारा अंमलदार. तो पेशीकेंद्रात शिरला की विभाजनाची आणि मृत्यू टाळण्याची जनुके चालू होतात. वॉर्ट्सचे काम त्याला दाराबाहेर रोखण्याचे. वॉर्ट्सने त्याच्यावर फॉस्फेटचा शिक्का मारला की दुसरे एक प्रथिन त्याला केंद्राबाहेरच अडकवून ठेवते. हिप्पोची साखळी चालू असेल तर यॉर्की बाहेर आणि वाढ बंद. साखळी तुटली तर यॉर्की आत आणि वाढ बेलगाम. केंद्रात शिरलेल्या यॉर्कीला जनुकांवर हात ठेवण्यासाठी ‘स्कॅलप्ड’ नावाच्या प्रथिनाची सोबत लागते, हे २००८ मध्ये डॉ. पान यांच्यासह अनेक गटांनी दाखविले. थांबणे ही क्रिया आहे असे आरंभी म्हटले, त्याचा अर्थ हाच. वाढ थांबविण्यासाठी पेशीला सतत शिक्के मारीत राहावे लागते. शिपाई झोपला की फाटक उघडते.

माशीपासून माणसापर्यंत

माशीच्या पंखावरून मनुष्याविषयी बोलावयाचे तर मधला पूल भक्कम पाहिजे. तो कसा बांधला गेला ते पाहण्यासारखे आहे. मानवी पेशींत यॉर्कीचा सगोत्र म्हणून ‘यॅप’ नावाचे प्रथिन आहे. यॉर्की नसलेल्या माशीच्या पेशींत हे मानवी प्रथिन घातले असता ते यॉर्कीची उणीव भरून काढते, हे २००५ च्याच निबंधात होते. वॉर्ट्सचा मानवी सगोत्रही माशीत काम करतो, हे १९९९ मध्येच दिसून आले होते. माशी आणि माणूस यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी अलग झाल्या. तरीही या यंत्रणेचे सुटे भाग आजही अदलाबदल करता येण्यासारखे राहिले आहेत.

२००७ मध्ये खरी कसोटी झाली. डॉ. पान यांच्या गटाने असे उंदीर तयार केले, की ज्यांच्या यकृतात यॅपचे प्रमाण इच्छेनुसार वाढविता यावे. ते वाढविताच यकृत फुगू लागले. उंदराच्या वजनात यकृताचा वाटा साधारण पाच टक्के असतो. तो काही आठवड्यांत सुमारे पंचवीस टक्क्यांवर गेला. यॅपची जादा निर्मिती बंद केली तेव्हा तेच यकृत आकसून जवळजवळ पूर्ववत झाले. आणि ती बंद न करता चालूच ठेवली तेव्हा यकृतात कर्करोगाच्या गाठी उद्भवल्या. अवयवाचे माप आणि कर्करोग हे दोन प्रश्न एकाच मुळातून फुटलेले आहेत, याचा इतका प्रत्यक्ष पुरावा क्वचितच मिळतो.

मनुष्याच्या रोगांतही हे धागे दिसू लागले. श्रवणाच्या मज्जातंतूवर गाठी आणणारा एक दुर्मीळ आनुवंशिक विकार आहे. त्याला कारण असलेले जनुक १९९३ मध्येच सापडले होते. पण त्याचे कार्य उमगत नव्हते. ते हिप्पो साखळीच्या वरच्या अंगाला काम करते, हे प्रथम २००६ मध्ये माशीत आणि पुढे उंदरात दिसून आले. हेच जनुक फुप्फुसाच्या आवरणाच्या मेसोथेलिओमा या कर्करोगातही वारंवार नाहीसे झालेले आढळते. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे हा रोग होतो. ॲस्बेस्टॉसचे पत्रे ज्या देशात अजूनही असंख्य घरांवर आणि गोदामांवर आहेत, त्या देशाला तो परका म्हणता येणार नाही. यॅप आणि त्याचा केंद्रातील सोबती यांची गाठ सोडविणारी औषधे आता रुग्णांवरील चाचण्यांच्या टप्प्यापर्यंत आली आहेत.

उलट दिशेनेही विचार चालू आहे. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. कारण प्रौढ हृदयाच्या पेशी जवळजवळ विभागतच नाहीत. अमेरिकेतील संशोधकांनी उंदराच्या अशा हृदयात साल्व्हाडोर जनुक काढून हा लगाम सैल केला, तेव्हा हृदयाचे कार्य सुधारलेले दिसले. हा निबंध २०१७ मधील आहे. परंतु लगाम सैल करणे आणि कर्करोगाला वाट मोकळी करून देणे यांत अंतर थोडेच. कोणत्या पेशींत, किती काळ आणि कोणत्या प्रमाणात, हे ठरविता आल्यावाचून असा उपचार माणसावर करणे धाडसाचे होईल. कर्करोगावर रामबाण उपाय सापडल्याच्या बातम्या वाचण्याची सवय झालेल्या वाचकाने हा भेद लक्षात ठेवलेला बरा.

मूळ प्रश्नाचेही संपूर्ण उत्तर मिळाले आहे असे नाही. लगाम कोणता ते कळले; तो ओढतो कोण, हे अंशतःच कळले आहे. शेजारच्या पेशींशी असलेला संपर्क, दाटी, खालच्या पृष्ठभागाचा ताण आणि कडकपणा या साऱ्यांचा परिणाम हिप्पो साखळीवर व यॅपवर होतो. पेशी आपल्याभोवती किती जागा उरली आहे याचा अंदाज जणू अंग चाचपून घेते. पण पन्नासावा हजार पुरा झाला हे साऱ्या चकतीला एकाच सुमारास कसे समजते, हे कोडे शास्त्रज्ञांना अजून छळीत आहे.

आपल्याकडील धागा

या कथेतील बहुतेक प्रयोगशाळा परदेशी असल्या तरी भारताचा तिच्याशी संबंध नाही, असे मुळीच नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला आणि पुढे ड्रोसोफिलाला तेथे मानाचे स्थान मिळाले. वाढीच्या प्रश्नावर तर पुण्यातच काम झाले. माशीच्या पंखांच्या मागे गदेच्या आकाराचे दोन इवले अवयव असतात. उडताना तोल सांभाळणे हे त्यांचे काम. उत्क्रांतीच्या दृष्टीने ते मागील पंखच आहेत. पण एका जनुकाच्या अंमलामुळे ते पंखाएवढे कधीच होत नाहीत. ते जनुक त्यांना लहान कसे ठेवते, याचा अभ्यास पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत डॉ. एल. एस. शशिधर यांच्या गटाने केला. २०१५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात या अवयवाच्या घडणीत हिप्पो आणि इन्शुलिन या दोन्ही मार्गांचा महत्त्वाचा वाटा असल्याचे दाखविले आहे. डलास, बाल्टिमोर आणि पुणे येथील माणसे एकाच कोड्याची वेगवेगळी टोके धरून बसलेली आहेत.

उपयोग काय?

अशा संशोधनाविषयी एक प्रश्न नेहमी विचारला जातो. माणसे आजारी असताना माश्यांवर पैसा कशासाठी? प्रश्न विचारणारे सारेच अडाणी असतात असे नाही. अमेरिकेत २००८ च्या निवडणुकीत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांनी अपंग मुलांच्या शिक्षणावरील भाषणात फळमाशीच्या संशोधनावरील खर्चाची जाहीर थट्टा केली होती. त्यांचा रोख होता तो ऑलिव्हची फळे नासविणाऱ्या माशीवरील कामाकडे. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या शेतकऱ्यांच्या पोटापाण्याशी निगडित अशाच संशोधनाकडे. आणि ज्या चिलटाचा पाणउतारा झाला असे शास्त्रज्ञांना वाटले, त्या चिलटाने तर मज्जासंस्थेच्या अनेक विकारांवर प्रकाश टाकलेला आहे. दोन माश्यांपैकी कोणतीही घेतली तरी थट्टा अस्थानीच ठरली.

सार्वजनिक पैशाचा हिशेब विचारण्याचा हक्क करदात्याला आहे, हे निर्विवाद. प्रश्न आहे तो हिशेबाच्या मुदतीचा. चामखिळीचे जनुक १९९५ मध्ये सापडले. साखळीचे टोक २००५ मध्ये. उंदरातील पडताळा २००७ मध्ये. आणि रुग्णांवरील चाचण्या अगदी अलीकडे. पाव शतकाहून अधिक काळ लागला. तीन वर्षांच्या प्रकल्प-अहवालात न मावणारा हा काळ आहे. संशोधनावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहूनही कमी असलेल्या आपल्यासारख्या देशात तर ताबडतोब उपयोग दाखवा, हा आग्रह अधिकच तीव्र होतो. उपयुक्त संशोधनाला अग्रक्रम द्यावा यात गैर काही नाही. पण केवळ तेवढेच करावयाचे ठरले, तर उद्या उपयोगात आणावयाचे ज्ञान कोठून येणार? मग परदेशी औषधाची किंमत मोजणे एवढेच हाती राहते.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. हिप्पोचा शोध लागला तो प्रथम डोळ्यांनी पाहून. गुंगी दिलेल्या माश्या भिंगाखाली एकेक करून तपासणाऱ्या माणसाला एखादे डोके नेहमीपेक्षा मोठे दिसले, एवढीच त्याची सुरुवात. महागडी यंत्रे पुढे आली. पाहण्याची सवय अगोदर होती. दुधाची रिकामी बाटली, थोडे मक्याचे पीठ, एक पिकले केळे आणि एक भिंग एवढ्या सामग्रीवर ही सवय कोणत्याही तालुक्याच्या गावातील शाळेत लावता येईल. अळीचा कोष आणि कोषाची माशी होताना ज्या विद्यार्थ्याने दहा दिवस स्वतः पाहिले, त्याला दोन्ही पंख सारखे का, हा प्रश्न पुस्तकातून शिकवावा लागणार नाही.

१९९५ मध्ये अंगावर गाठोडे आलेली एक माशी पाहून तिचा उपयोग काय, असे कोणी विचारले असते, तर प्रामाणिक संशोधकाला ‘आज सांगता येत नाही’ एवढेच उत्तर देता आले असते. त्या उत्तरावर ज्यांनी अनुदान दिले त्यांना यॅपची कल्पना नव्हती आणि मेसोथेलिओमाच्या औषधाचीही नव्हती. एक चांगला प्रश्न चांगल्या हाती सोपविला जात आहे, एवढीच त्यांची खात्री होती. आणि ती पुरेशी ठरली.